साखर टोचल्यावर बोलायचं नाही

सोमवार, ६ जानेवारी २०२५

रात्रभर झोपले नाही. कारण सांगितलं तर कोण पण हसेल. इथे आवाजच नाही. उल्हासनगर कॅम्प एकला आमच्या खोलीखाली जीन्सचा कारखाना होता, रात्रभर मशीनी धडधडायच्या. राजू पोटात होता तेव्हापासून त्याच आवाजावर झोपायचा. इथे चिखलोलीला सगळ्या नव्या बिल्डिंगी, अर्ध्या रिकाम्या. एवढं शांत की भिंतीत पाणी चढतं ते ऐकू येतं. राजू टकामका बघत बसला आणि मी त्याच्याकडे बघत बसले.

पण खूश आहे हां मी. पांढरी फरशी आहे. संडास घरात. सुजित, माझा नवरा, स्कॅन सेंटरची गाडी चालवतो म्हणून सेंटरच्या मागची ही खोली आम्हाला दिली, आणि मला पण तिथेच कामाला घेतलं. चार वर्षं जीन्सचे धागे कापले, बोटांचा निळा रंग अजून निघत नाही. आता पांढरा कोट घालायचा. वेणूबाई सकाळी सेंटर झाडून-पुसून मोकळी होते, मग दिवसभर राजूला सांभाळेल. तिने त्याला पहिल्यांदा घेतलं तर हा बदमाश तिचं नाकच धरून बसला. ती म्हणाली, हा मोठेपणी हवालदार होणार.

चंदूला फोन करून सांगितलं. चंदू माझा लहान भाऊ, बदलापूर पूर्वेला पंक्चरचं दुकान आहे त्याचं. तो म्हणाला, ताय, कोट घालून फोटो पाठव. मी म्हटलं तुझ्या त्या बटणाच्या फोनवर काय डोंबल दिसणार.

मंगळवार, ७ जानेवारी

काम समजलं. ही वही पण कामाचीच आहे, महेंद्रने कालच दिली. महेंद्र म्हणजे मशीन चालवतो तो. कुणाला किती वाजता इंजेक्शन दिलं ते मी पुढच्या पानांवर लिहायचं. मागची पानं माझी.

इथे दोन मशीनी आहेत. जुनी ती पेट सीटी. नवीन ती पेट एमआरआय. मानेतून डोक्याकडे रक्ताची नळी जाते ना, तिला आतून सूज येते. बाहेरून काही कळत नाही, आणि एक दिवस माणूस अचानक पडतो. ती सूज कुठली मशीन जास्त बरोबर दाखवते ते बघायचंय. म्हणून चाळीस माणसं घ्यायची आणि एकाच दिवशी एकाच माणसाचे दोन्हीकडे फोटो काढायचे. मोठ्या डॉक्टरांचा अभ्यास आहे, परदेशात वाचून दाखवणार म्हणे.

उपाशीपोटी यायचं. मग साखरेचं इंजेक्शन. साखर पण साधी नाही, तिला किरणं लावलेली असतात. महेंद्र म्हणाला, वहिनी, अंगात जिथे आग तिथे साखर पळत जाते, आणि मशीनमध्ये ती जागा पेटलेली दिसते. मी विचारलं, मग दोन मशीनी कशाला. तो म्हणाला, जुनीत दिवा धुक्यात दिसतो तसा दिसतो, नवीनमध्ये तो दिवा कुठल्या खिळ्याला टांगलाय ते पण दिसतं.

इंजेक्शननंतर माणूस शांत खोलीत दीड तास पडून राहतो. बोलायचं नाही, चघळायचं नाही, मान हलवायची नाही. बोललं तर घशाचं मांस साखर ओढून घेतं आणि फोटो बिघडतो. मी काचेच्या या बाजूला बसायचं. कोण बोललं की माईकमधून सांगायचं, गप पडून राहा. एवढंच काम. गप करायचा पगार.

महेंद्रच्या छातीला किरणं मोजायचा बिल्ला आहे. मला नाही दिला. विचारलं तर म्हणे तुमचं काम काचेबाहेर.

गुरुवार, ९ जानेवारी

सुजित गाडी घेऊन बारवी धरणाकडच्या वाड्यांवर जातो आणि माणसं घेऊन येतो. फुकट तपासणी, वर जेवण. आज सुकऱ्या आला, पन्नाशीचा असेल, सोबत बायको सोनी. शेताचा माणूस, हात असे लाकडासारखे. गाडीत बसल्यापासून सगळ्यांना हसवत होता. मला म्हणाला, पोरी, उपाशी ठेवून साखर देता, ही कुठली पाहुणचाराची रीत?

इंजेक्शन झालं, खोलीत झोपवला. अर्धा तास नीट. मग त्याने गळ्याला हात लावला. बोलायला लागला. मी माईकमधून म्हटलं, गप पडून राहा. तो उठायला बघत होता, मानेकडे बोट दाखवत होता. कोणीतरी धरलंय, असं काहीतरी म्हणत होता. मी ओरडले त्याला. दादा, तुमच्यापायी सगळ्यांचा खोळंबा होतो, गप पडा म्हटलं ना. तो माझ्याकडे काचेतून बघत राहिला. मग गप झाला.

संध्याकाळी महेंद्रने फोटो दाखवले. जुन्या मशीनमध्ये मानेच्या दोन्ही बाजूला नुसता उजेड, मळभ आल्यासारखा. नवीनमध्ये साफ. एका बाजूला चार पट्टे. दुसऱ्या बाजूला एक, जाड, जरा वाकडा.

मी म्हटलं, हा हात आहे.

महेंद्र हसला. म्हणाला पेशंट हलला की असं होतं. पण डॉक्टर एकदम खूश. जुनीने नुसता धूर दाखवला, नवीनने आग दाखवली, असं म्हणाले. महेंद्रच्या पाठीवर थाप मारली.

शनिवार, ११ जानेवारी

काल तीन माणसं, आज दोन. पाचही त्याच पलंगावर झोपली. पाचही जणांनी गळ्याला हात लावला. पाचही जणांना मी गप केलं.

पाचही फोटोत तेच. जुन्या मशीनमध्ये धूर, नवीनमध्ये बोटं. आता पाच माणसं एकाच जागी एकसारखी हलतात का? महेंद्रला विचारलं. तो हसला नाही आज.

वेणूबाईने पलंगाची चादर काढली तर उशीच्या जागी मुंग्या. लाल, बारीक. इकडे-तिकडे नाही, रांगेत. चार रांगा या बाजूला, एक त्या बाजूला. साखर सांडली असेल म्हणाली आणि मुंगीच्या खडूने रेघ ओढली. साखर सांडत नाही बाई, ती सुईतून आत जाते. मुंगीला काय वास येणार तिचा?

सोमवार, १३ जानेवारी

सुकऱ्याला डॉक्टरांनी परत बोलावलं. दोन मशीनींत जास्त फरक त्याच्यातच आला ना, म्हणून परत.

सुकऱ्या बोलत नाही. हसवणारा माणूस, तोंड उघडतो आणि नुसती हवा येते. सोनी मला बघून सरळ अंगावर आली. दारात सगळ्यांसमोर बोलली. तूच ना ती कोटवाली? तूच गप केलास ना माझ्या माणसाला? मग आता कर ना बोलता! गुरुवारपासून आवाज नाही त्याला. पोरगं मांडीवर बसून विचारतंय बाबा का रुसला. काय सांगू मी त्याला?

मी डॉक्टरांकडे गेले. पहिल्यांदाच गेले त्यांच्या केबिनमध्ये. म्हटलं, साहेब, त्याला परत साखर देऊ नका, त्याचा आवाज गेलाय. तर म्हणतात, तुला कुणी विचारलं? सुजितची बायको ना तू? कितवी शिकलीस? मी म्हटलं सातवी. मग म्हणाले रक्तवाहिनीला सूज आहे, आवाजाचा काही संबंध नाही. मी म्हटलं, मग निदान त्यांच्या हातात कागद तरी द्या, मोठ्या दवाखान्यात दाखवतील बिचारे. म्हणाले, अभ्यासाचे रिपोर्ट पेशंटला देत नाहीत.

माझं डोकं असं फिरलं. त्याचा गळा, त्याचं रक्त, त्याचा फोटो, आणि त्यालाच दाखवायचा नाही? आमच्याकडे म्हशीचं दूध काढताना पण कोण तिला एवढं परकं धरत नाही.

तरी मी काय केलं? जाऊन काचेमागे बसले. त्याला दुसऱ्यांदा टोचलं. यावेळी गप करावं लागलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी

सुकऱ्या गेला. काल, संक्रांतीच्या दिवशी. सुजित म्हणाला हार्टचं असेल. जेवता जेवता असं म्हणाला, भाकरी मोडत.

सोनी गेटवर आली होती, वॉचमनने आत सोडली नाही. मी मागून गेले. आज ओरडली नाही ती, त्याची जास्त भीती वाटली. म्हणाली, रात्रभर गळ्यावरून काहीतरी सोडवायला बघत होता, नखांनी मान सोलून घेतली. सकाळी मानेवर मुंग्या होत्या. पाण्याने धुतल्या, परत आल्या. त्याच जागी. म्हणाली, त्या खोलीत काहीतरी उपाशी बसलंय. माझा माणूस पहिल्याच दिवशी सांगत होता. तू ऐकलं नाहीस. बोललेलं तुला ऐकायचंच नव्हतं.

बरोबर बोलली. मी नाही ऐकलं.

सुजितला म्हटलं, सोडू हे. परत कॅम्प एकला जाऊ, धागे कापेन. तो म्हणाला येडी झालीस का, संडास घरात आहे इथे.

शुक्रवार, १७ जानेवारी

हरामखोर. माझ्याच घरातला हरामखोर.

चाळीसमध्ये काही माणसं एकदम ठणठणीत पाहिजेत. तरुण, काही आजार नसलेली. म्हणजे आजारी आणि निरोगी शेजारी ठेवून बघता येतं. एक बाई कमी पडत होती. सुजितने माझं नाव दिलं! सही पण केली माझ्या जागी. मला संध्याकाळी सांगतो, उद्या सकाळी काही खाऊ नको.

मी ताट फेकलं. म्हटलं मी अंगावर पाजते, तुला लाज नाही वाटत? तो म्हणाला डॉक्टरांना विचारलंय, एक दिवस पाजायचं नाही, एक दिवस राजूला उचलायचं नाही, बस. बाटलीचं दूध आणलंय. नाही म्हटलं तर खोली जाईल, गाडी जाईल. पोराला घेऊन कुठे जाशील? आणि उद्याच राजूचं बोरन्हाण ठेवलंय. मजल्या-मजल्यावरच्या बायकांना बोलावून बसले मी.

शनिवार, १८ जानेवारी

झोपले त्या पलंगावर. मुंगीच्या खडूची रेघ अजून तिथेच.

आधी काही नाही. नुसती शांतता. मग मला समजलं की ती शांतता नाही. कोणीतरी श्वास धरून बसलंय. मग थंड, एकेक करून. पहिलं बोट, दुसरं, तिसरं, चौथं. मग अंगठा, घाई न करता, जागा शोधत. आवळलं नाही. नुसतं धरलं, जसं माप घेतात. मी ओरडायला गेले तर माईकमधून महेंद्र म्हणाला, वहिनी, गप पडून राहा.

तेच शब्द. मी पाचजणांना, सहाजणांना तेच बोलले.

संध्याकाळी बोरन्हाण. राजूला काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे सगळं डोक्यावरून ओतायचं, बायका जमलेल्या, आणि सगळ्या म्हणतात आई मांडीवर घे ना, आईच्या मांडीवरच बसतं पोर. काय सांगायचं त्यांना? माझ्या रक्तात किरणं आहेत? तिसऱ्या मजल्यावरची निशा बोललीच, ही बघा कोटवाली, पोराला घ्यायला पण आता शिपाई लागतो. सगळ्या हसल्या. मी घेतलं मांडीवर. तो बोरं बघून घाबरला, रडायला लागला, बाटली तोंडात घेईना. पदराखाली घेतला. दोन मिनिटं फक्त.

दोन मिनिटं.

रविवार, १९ जानेवारी

राजूच्या मानेवर मुंग्या.

वेणूबाई म्हणाली हलव्याचे दागिने घातलेले ना, साखर चिकटली असणार, पूस ओल्या फडक्याने. पुसलं. आंघोळ घातली. बेसन लावून घातली. परत आल्या. चार इकडे. एक तिकडे. त्याच्या मानेला हात पुरतो, जास्तीच होतो. बोटं मागे एकमेकांना लागलीत.

राजू रडतो पण आवाज बारीक येतो. शेजारच्या खोलीत रडल्यासारखा.

सोमवार, २० जानेवारी

माझा आवाज बसलाय. सुजित म्हणतो थंडी.

महेंद्रने गुपचूप माझा फोटो दाखवला. जुन्या मशीनमध्ये काही नाही. एकदम साफ, निरोगी बाई. नवीनमध्ये हात. सुकऱ्याच्या पहिल्या फोटोत पट्टे सुटे-सुटे होते, माझ्यात मिटलेले. महेंद्रचा चेहरा पांढरा. म्हणाला, वहिनी, मी राजीनामा लिहिलाय. मग म्हणाला, पण पुढच्या महिन्यापासून.

पुढच्या महिन्यापासून! मेल्या, आज का नाही?

मंगळवार, २१ जानेवारी

सुजितने डॉक्टरांना सांगितलं. राजूच्या मानेचं. मी सांगू नको म्हटलेलं, पाया पडले. तो म्हणतो डॉक्टरच बघतील ना.

डॉक्टर स्वतः खोलीवर आले. बूट न काढता आत आले. राजूच्या मानेवर बोट फिरवलं, टॉर्च मारली, आणि त्यांचे डोळे असे चमकले. म्हणाले, एवढ्या लहान बाळात? हे कुणीच बघितलं नाही अजून. दोन्ही मशीनींवर घेऊ.

मुंग्या बघितल्या नाहीत त्यांनी. त्यांच्या बोटावर चढल्या, झटकून टाकल्या, आणि बोलत राहिले.

मी नाही म्हणून ओरडले. आवाज आला नाही. सगळे बघत होते आणि कोणाला समजलं नाही की मी ओरडते आहे.

बुधवार, २२ जानेवारी

राजूच्या कागदावर सुजितने सही केली. उद्याच घेणार त्याला.

चंदूला फोन लावला. उचलला. हॅलो. हॅलो कोण, ताय का गं? मी बोलत होते. तोंड उघडून, पूर्ण ताकदीने. नुसती हवा. तो म्हणाला, रेंज नाही वाटतं, उद्या कर. ठेवला. परत लावला. परत हॅलो हॅलो. तिसऱ्यांदा शिवी दिली, कोण रे, तायच्या फोनवरून मस्ती करतो का भाडखाव, आणि कट केला. लिहून पाठवू तर त्याला वाचता येत नाही, बाई.

राजूला घेऊन निघाले होते. गेटवर सुजित उभा. मारलं नाही त्याने. नुसतं पोर काढून घेतलं. फोन पण. म्हणाला, शेवटची वेळ, मग सोडू इथलं सगळं, आईशप्पथ.

त्याच्या तोंडावर थुंकले. तेवढं अजून येतं.

गुरुवार, २३ जानेवारी

फसवलं मला. सुजित म्हणाला तू सोबत झोप, नाहीतर तो एकटा जाईल. म्हणून आले. म्हणून दंड पुढे केला. मूर्ख मी. मला टोचलं आणि राजूला दुसऱ्या दाराने घेऊन गेले. दाराला बाहेरून कडी. अंगात किरणं आहेत, संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत, नियम आहे म्हणे.

वही कोटात होती म्हणून लिहिते. महेंद्र काचेमागे नाही. कोणीच नाही.

दार वाजवते. हात वाजवून वाजवून सोलले. सगळ्यांना वाटतं पेशंट अस्वस्थ आहे —

मोठ्या मशीनचा आवाज सुरू झाला. जुनी आधी, मग नवीन. मग राजूला तिथेच —

ते इथे आहे. पलंगावर नाही आता, माझ्या मागे. घाई नाही त्याला. ते माझ्यासाठी नाही आलेलं, मला समजलं. माझ्या दुधातून त्याला राजूपर्यंत —

वही दाराखालून सरकवते. वेणूबाई, तुला वाचता येत नाही, ही कुणाला पण दाखव, रस्त्यावरच्या माणसाला दाखव, गेटबाहेरच्या. सुजितला नको. डॉक्टरला नको.

जो कोण वाचतोय त्याने आधी माझ्या भावाला फोन करा. चंदू, पंक्चरचं दुकान, बदलापूर पूर्व. त्याला सांगा तुझ्या ताईने सांगितलंय, श्रद्धाने, राजूला नवीन मशीनवरून उचल, कोणी अडवलं तर मशीन फोड, पाना घेऊन ये. मला सोड. आधी राजू. आणि फोन लागला की गप राहू नका, तो कट करेल, काल मी तीनदा — मोठ्याने बोला, तुम्हाला आवाज आहे, बोला, लगेच फोन करा त्याला, नंबर नऊ आठ दोन शून्य —